ठेवलेल्या शेळीचं करडू कोणाचं?

(सामुदायिक रेडिओच्या बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



संध्याकाळच्या भाकरी थापता थापता तुम्ही रेडिओ लावला असेल. आजचा विषय कानाला नवा वाटेल, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

मागच्या महिन्यात एका गटाचे हिशेब तपासायला गेले होते. बैठक संपली, चहा झाला, बायका उठल्या. एक ताई मात्र मागं थांबल्या. म्हणाल्या, "एक विचारू का? माझ्या शेळीचं करडू दुसऱ्यानं ठेवून घेतलंय, असं पोरगं म्हणतंय. पण ती शेळी मोबाइलमध्ये आहे."

मला आधी हसू आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि माझं हसू गेलं.

२०१७ च्या उन्हाळ्यात ताईंनी चार शेळ्या विकल्या. तीस हजार रुपये आले. मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. तो म्हणाला, "आई, बिटकॉइन वाढतंय, त्यात टाकू." त्यानं मोबाइलवरच्या एका अॅपमधून घेतलं. तेव्हाच्या भावात तीस हजारांत एका बिटकॉइनचा साधारण सहावा हिस्सा आला. ऑगस्टमध्ये त्याच्या कानावर आलं, की ज्यांच्याकडे बिटकॉइन आहे त्यांना आणखी एक नवं नाणं मिळालं आहे, एकही पैसा न भरता. त्यानं अॅप उघडून पाहिलं. नवं नाणं नव्हतं. मेल केला. उत्तर आलं, "आम्ही ते नाणं देत नाही." त्या दिवसांच्या भावानं त्याच्या वाट्याचं नवं नाणं तीन-चार हजारांचं झालं असतं. म्हणजे एका करडाची किंमत. म्हणून आईला समजावताना तो म्हणाला, "शेळी राखायला दिली, तिला करडू झालं, आणि राखणाऱ्यानं ते ठेवून घेतलं."

मला यातलं काही कळत नव्हतं. मी त्या मुलाला सुट्टीत गाठलं, समोर बसवलं, नंतर स्वतः वाचलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते. ही नाणी घ्या असं मी सांगत नाही, हे आधीच ऐकून ठेवा. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यानं कसं वागायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

बिटकॉइन म्हणजे काय, ते आपल्या गटाच्या रजिस्टरवरून समजून घेऊ. आपलं रजिस्टर एकच असतं आणि ते सचिवताईंकडे असतं. समजा, वीसही जणींकडे त्याच रजिस्टरची एकेक प्रत आहे. कोणी कोणाला किती दिले, हे सगळ्याजणी आपापल्या प्रतीत एकाच वेळी लिहितात. एकीनं खाडाखोड केली तर बाकीच्या एकोणीस प्रती तिला खोटं ठरवतात. बिटकॉइनचं रजिस्टर असंच जगभरातल्या हजारो संगणकांवर आहे. त्याला ब्लॉकचेन म्हणतात. ब्लॉक म्हणजे त्यातलं एक पान. साधारण दर दहा मिनिटांनी एक पान भरतं आणि आधीच्या पानाला शिवलं जातं.

आता समजा, गटात नियमावरून वाद झाला. बारा जणी म्हणाल्या, जुना नियमच चालू ठेवू. आठ जणी म्हणाल्या, नियम बदलू. कोणी मागं हटेना. दुसऱ्या दिवसापासून बारा जणी त्यांच्या रजिस्टरमध्ये एका नियमानं लिहायला लागल्या, आठ जणी दुसऱ्या नियमानं. कालपर्यंतची पानं दोन्हीकडे तीच. म्हणजे कालपर्यंत तुमच्या नावावर पाचशे रुपये असतील, तर ते दोन्ही रजिस्टरांत दिसणार. रस्त्याला फाटा फुटावा तसं हे झालं. याला फोर्क म्हणतात. आपण फाटाच म्हणू.

गटात असं झालं तर बँकेतले पैसे काही दुप्पट होत नाहीत. या नाण्यांचं वेगळं आहे. तिथं रजिस्टरमधली नोंद हेच नाणं. रजिस्टरं दोन झाली की नाणीही दोन होतात. दुसऱ्या नाण्याला किंमत येईल का, ते बाजार ठरवतो.

१ ऑगस्ट २०१७ ला हेच झालं. वाद होता तो रजिस्टरच्या पानाच्या आकारावरून. बिटकॉइनचं पान १ एमबीचं होतं. व्यवहार वाढले, पानावर जागा पुरेना, लोकांना ताटकळावं लागायचं. काही जण म्हणाले, पान मोठं करू, ८ एमबीचं. बाकीच्यांना ते पटलं नाही. ४,७८,५५८ नंबरच्या पानापर्यंत रजिस्टर एकच होतं. त्याच्या पुढच्या पानापासून दोन झाली. मोठ्या पानाच्या रजिस्टरमधल्या नाण्याला बिटकॉइन कॅश असं नाव पडलं. ज्याच्याकडे एक बिटकॉइन होतं, त्याच्याकडे आता एक बिटकॉइन आणि एक बिटकॉइन कॅश झालं. जुन्याचा भाव तेव्हा २,७०० डॉलरच्या आसपास होता, नव्याचा काही शे डॉलर.

मग ताईंच्या मुलाला ते का मिळालं नाही? कारण चावी त्याच्याकडे नव्हती.

या रजिस्टरमधले पैसे हलवायला एक गुप्त चावी लागते. ती स्वतःकडे असेल तर दोन्ही रजिस्टरांतलं आपलं खातं आपणच उघडू शकतो. पण बहुतेक लोक नाणी एक्स्चेंजवर ठेवतात. एक्स्चेंज म्हणजे अशी नाणी घेण्या-विकण्याची आणि सांभाळण्याची ऑनलाइन पेढी. तिथं चावी पेढीकडे असते. मोठ्या रजिस्टरमध्ये नाव पेढीचं, आणि आपलं नाव फक्त पेढीच्या घरच्या वहीत. त्यामुळे फाटा फुटला की नवं नाणं आधी पेढीच्या हातात पडतं. ते पुढं आपल्याला द्यायचं की नाही, हे पेढी ठरवते.

आता आपल्याकडची रीत आठवा. शेळी अर्धलीनं देताना आपण काय करतो? पहिलं करडू राखणारीचं की आपलं, बोकड झाला तर काय, शेळी मेली तर काय, हे सगळं दावं हातात देण्याआधी ठरवतो. करडू जन्मल्यावर बोलणी करायला बसलं की भांडणच होतं.

या पेढ्यांचं काय झालं, ते बघा. क्राकेन नावाच्या अमेरिकेतल्या पेढीनं ग्राहकांना आधी सांगितलं, की आम्ही नवं नाणं तुमच्या खात्यात जमा करू. आणि केलं. त्याच देशातल्या कॉइनबेस या फार मोठ्या पेढीनं आधी सांगितलं, की आम्ही देणार नाही, हवं असेल तर १ ऑगस्टच्या आत तुमची नाणी काढून न्या. लोकांची पळापळ झाली. संतापले, कोर्टात जाण्याची भाषा झाली. ३ ऑगस्टला पेढीनं शब्द बदलला. म्हणाली, १ जानेवारी २०१८ पर्यंत देऊ. फाट्याच्या वेळी ज्यांच्या खात्यावर बिटकॉइन होतं, त्यांना १९ डिसेंबर २०१७ ला ते मिळालंही. पण त्याच दिवशी पेढीनं त्या नाण्याचा बाजारही उघडला. भाव इतका उसळला, की काही मिनिटांतच व्यवहार थांबवावे लागले. घोषणेच्या आधीच इतर बाजारांत भाव चढला होता. लोक विचारू लागले, आतल्या माणसांनी आधी खरेदी करून ठेवली का? कंपनीनं सांगितलं, की कर्मचाऱ्यांना त्या नाण्याचा व्यवहार करायला काही आठवडे आधीच मनाई केली होती. तिनं चौकशी केली, आणि कारवाई करण्यासारखं काही सापडलं नाही असं नंतर कळवलं. तसं असेलही. पण एकदा शंकेची पाल चुकचुकली की ग्राहकाचं मन पहिल्यासारखं राहत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिटकॉइनला आणखी एक फाटा फुटला, बिटकॉइन गोल्ड. कॉइनबेसनं ते नाणं दिलं नाही. एक ग्राहक कोर्टात गेला. माझ्या नाण्यांतून झालेलं नाणं माझं, असं त्याचं म्हणणं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या वरच्या कोर्टानं निकाल दिला, तो पेढीच्या बाजूनं. ग्राहक आणि पेढी यांच्या करारात, फाट्याचं नाणं देऊ असं वचन कुठं लिहिलेलंच नाही, असं कोर्ट म्हणालं.

बघा, कोर्टानं करारच पाहिला. करडाबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ग्राहकाचा हात रिकामा राहिला.

आता पेढीची बाजूही ऐकली पाहिजे. एकाच बाजूचं ऐकून निवाडा करायची आपली रीत नाही.

पेढी म्हणते, रजिस्टरची नक्कल करून नवं नाणं काढणं सोपं आहे. कोणीही उठेल आणि फाटा काढेल, प्रत्येकाच्या मागं आम्ही किती धावणार? यात तथ्य आहे. २०१७ नंतर अशा नाण्यांचं पीकच आलं. त्यांतली कितीतरी कवडीमोल झाली. रजिस्टर राखणारे थोडे असले की त्यात खाडाखोड करणंही सोपं होतं. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डच्या रजिस्टरवर असाच हल्ला झाला. एकच नाणं दोनदा खर्चून पेढ्यांना फसवलं गेलं.

दुसरा धोका चिठ्ठीचा. आपल्या गटाचे दोन गट झाले आणि दोन्हीकडे तुमची एकच सही चालते असं समजा. तुम्ही एका गटाला चिठ्ठी लिहून दिलीत, "अमकीला पाचशे द्या." तिनं त्याच चिठ्ठीची नक्कल दुसऱ्या गटाला दाखवली आणि तिथूनही पाचशे उचलले. तुम्हाला पत्ताच नाही. इथेरियम नावाच्या नाण्यात हे खरंच घडलं. जून २०१६ मध्ये 'द डीएओ' या सामाईक निधीतून चोरानं प्रोग्रॅममधली चूक पकडून सुमारे ३६ लाख इथर वळते केले. ती चोरी उलटवण्यासाठी बहुतेकांनी २० जुलै २०१६ ला रजिस्टरचा नियम बदलला. थोडे लोक अडून बसले. लिहिलं ते लिहिलं, रजिस्टरला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं जुनं रजिस्टर इथेरियम क्लासिक नावानं चालू राहिलं. ते आपोआप बंद पडेल असं पुष्कळांना वाटलं होतं, म्हणून काही पेढ्या गाफील राहिल्या. ग्राहकानं नव्या रजिस्टरमधून नाणं काढलं, की त्याच चिठ्ठीवर जुन्यातूनही नाणं जायचं. पेढीच्या हे लक्षात येईपर्यंत तिच्याकडची दुसरी नाणी निघून गेलेली असायची. पुढच्या वर्षी बिटकॉइन कॅश काढणाऱ्यांनी सहीची पद्धतच बदलली, एका रजिस्टरची चिठ्ठी दुसऱ्यात चालू नये म्हणून.

म्हणजे पेढीचं काम सोपं नाही. प्रत्येक फाट्याचं नाणं लगेच द्या, असं आपण म्हणू शकत नाही. पण अवघड आहे म्हणून गप्प राहायचं आणि करडू आपल्या गोठ्यात बांधायचं, हेही चालणार नाही. मला विचाराल तर पेढीनं पाच गोष्टी पाळाव्यात.

पहिली, आधी सांगा. बहुतेक फाट्यांची तारीख आधी कळते. नवं नाणं देणार की नाही, देणार तर कधी, देणार नसाल तर कोणत्या दिवसापर्यंत काढून न्यायचं, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगा. इंग्रजी कराराच्या चाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि एकदा सांगितलं की शब्द फिरवू नका.

दुसरी, फाट्याच्या वेळी थोडा वेळ दार लावून घ्या. नाणी आत घेणं आणि बाहेर देणं थांबवा. चिठ्ठीची नक्कल चालत नाही ना, हे तपासा. त्या पानावर कोणाच्या खात्यात किती होतं, त्याची नोंद पक्की करा. दोन्ही रजिस्टरं स्थिर झाली की दार उघडा.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी. नवं नाणं ग्राहकाच्या ठेवीतून झालं, म्हणून ते ग्राहकाचं. तुमच्या बाजारात त्याची खरेदी-विक्री ठेवायची नसेल तर नका ठेवू. पण ग्राहकाला ते काढून नेऊ द्या. आज तेही धोक्याचं असेल तर तसं उघड सांगा, आणि मग स्वतःही त्याला हात लावू नका. चार वर्षांनी काढलंत, तरी त्या दिवशी ज्यांची ठेव होती त्यांनाच द्या. काढायला खर्च आला तर आधी सांगून तेवढा कापून घ्या. राखणारीला तिच्या कष्टाचं मिळायलाच हवं.

चौथी, घरच्या माणसांना लगाम घाला. कोणतं नाणं कधी बाजारात येणार, हे ज्यांना आधी कळतं त्यांनी त्यात खरेदी-विक्री करायची नाही. आणि ग्राहकांना कळवायचं ते सगळ्यांना एकाच वेळी.

पाचवी, नावं स्वच्छ ठेवा आणि कागद द्या. १५ नोव्हेंबर २०१८ ला बिटकॉइन कॅशलाच फाटा फुटला, आणि खरं नाव आमचं म्हणून दोन्ही बाजू भांडल्या. अशा वेळी ग्राहकानं काय विकलं आणि काय उरलं, याचा घोळ होतो. कोणत्या तारखेला कोणतं नाणं किती जमा झालं, याचा कागद हातात हवा. आपल्या देशात १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापतात. कागद नसेल तर हिशेब द्यायचा कसा?

आता आपलं बघू. रिझर्व्ह बँकेनं या नाण्यांबद्दल पहिला सावधगिरीचा इशारा डिसेंबर २०१३ मध्येच दिला होता. बँकेत आपली ठेव असते, तिला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. पेढीवरच्या या नाण्यांना ते नाही. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. गटाचा पैसा, फिरता निधी, गटातून उचललेलं कर्ज यातलं काहीही इथं जाता कामा नये. घरात कोणी स्वतःच्या कमाईतून घेतलंच असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारा. चावी कोणाकडे आहे? फाटा फुटला तर नवं नाणं कोणाचं, हे करारात लिहिलंय का? आणि पेढी बंद पडली तर आपण कोणाच्या दारात जायचं? घरच्या माणसाला उत्तर देता आलं नाही, तर समजा की शेळी न बोलताच राखणीला दिली आहे.

हेच प्रश्न आपल्या गटालाही लागू आहेत. गट फुटतात. मी फुटलेले पाहिले आहेत. खात्यावरच्या रकमेचं व्याज कोणाचं, दंडाची रक्कम कोणाची, यावरून सख्ख्या शेजारणी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आपल्या नियमावलीत हे लिहिलंय का, ते पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडून बघा. नसेल तर गोडीगुलाबी आहे तोवरच ठराव करा आणि सगळ्याजणींच्या सह्या घ्या.

त्या ताईंना मी काय सांगितलं? म्हटलं, "ताई, करडू तुमचंच होतं. पण शेळी देताना करडाचं बोलणं झालं नव्हतं, म्हणून ते मागायला आपल्या हातात कागद नाही."

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण पोरानं आपल्याला फसवलं नाही हे कळल्याचं समाधानही चेहऱ्यावर दिसलं. इतकी वर्षं त्यांच्या मनात तो एक काटा होता. परवा मुलाच्या मोबाइलवर पुन्हा मेसेज आला, दुसऱ्या कुठल्याशा नाण्याला फाटा फुटणार असल्याचा. या वेळी ताईंनी त्याला बसवून पेढीला लिहायला लावलं, "नवं नाणं कोणाचं, ते आधी लेखी कळवा." उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर तारखेच्या आत सगळं विकून पैसे घरी आणायचे, असं मायलेकरांचं ठरलं आहे.

निघताना ताई मला म्हणाल्या, "परवा जावेला एक शेळी अर्धलीनं दिली. या वेळी वहीच्या पानावर लिहून दिली, दोघींच्या सह्या घेऊन." मी विचारलं, "जाऊबाई रागावल्या नाहीत?" त्या म्हणाल्या, "रागावली नाही. तिनं दुसरी प्रत मागून घेतली."

तुमच्या गटात असं काही घडलं असेल तर केंद्रावर फोन करून सांगा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. येते मैत्रिणींनो. नमस्कार.